जुन्या बेसबॉल कार्डांचा शोध: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेसबॉल कार्ड म्हणजे समोर खेळाडूचं चित्र आणि मागे त्याची आकडेवारी असलेलं, पाकिटांतून विकलं जाणारं छोटं छापील कार्ड. त्याविषयीचे हे प्रश्न बहुतेक अमेरिकेतल्या मराठी मंडळींकडून येतात. कुणाला गराज सेलमध्ये खोकं मिळालेलं असतं, कुणाला नव्या घराच्या पोटमाळ्यावर आधीच्या मालकाची कार्डं सापडलेली असतात, तर कुणाच्या मुलाला लिटल लीगमुळे (लहान मुलांच्या बेसबॉल स्पर्धा) हा नाद लागलेला असतो. बाजारभाव रोज हलतात, म्हणून खाली ठोस आकडे फक्त गाजलेल्या विक्रींचे दिले आहेत.

१. आम्हाला क्रिकेट कळतं, बेसबॉल नाही. तरी हा छंद जमेल का?

जमेल. खेळाचे नियम कळण्यापेक्षा नावं आणि वर्षं डोक्यात असणं इथे जास्त कामाचं. सुरुवात कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममधल्या, म्हणजे बेसबॉलच्या मानकऱ्यांच्या संग्रहालयातल्या, खेळाडूंच्या यादीपासून करा. जुन्या खोक्यात जे काही मोलाचं निघतं ते बहुतेक याच मंडळींचं, आणि त्यातही पदार्पणाच्या सुमाराचं, म्हणजे रूकी कार्ड. काही नावं पाठच असू द्या (टॉप्स ही कार्ड छापणारी कंपनी, क्र. म्हणजे संचातला कार्डाचा क्रमांक): हँक ॲरन (टॉप्स १९५४, क्र. १२८), सँडी कोफॅक्स (टॉप्स १९५५, क्र. १२३), रॉबेर्तो क्लेमेंते (टॉप्स १९५५, क्र. १६४), नोलन रायन (टॉप्स १९६८, क्र. १७७), जॉर्ज ब्रेट (टॉप्स १९७५, क्र. २२८), रिकी हेंडरसन (टॉप्स १९८०, क्र. ४८२).

पीट रोझ हॉल ऑफ फेममध्ये नसतानाही त्याच्या १९६३ च्या टॉप्स कार्डाला (क्र. ५३७) जोरदार मागणी असते, तेव्हा यादीवर डोळे झाकून विसंबू नका.

२. एखादं कार्ड महाग कशामुळे होतं? जुनं म्हणजे महाग ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त पैसे याच गैरसमजात बुडतात. खेळाडू कोण, वर्ष कोणतं, कार्डाची अवस्था कशी आणि आज किती प्रती शिल्लक आहेत, या चार गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. १९६० चं एखाद्या सामान्य खेळाडूचं कोपरे झिजलेलं कार्ड दोन-चार डॉलरला मिळतं.

मिकी मँटलचं रूकी कार्ड बोमन या दुसऱ्या कंपनीच्या १९५१ च्या संचातलं, क्र. २५३. पण त्याचं त्याहून महाग कार्ड आहे १९५२ च्या टॉप्सचं, क्र. ३११. त्या वर्षी ३११ ते ४०७ क्रमांकांची कार्डं हंगाम सरत आल्यावर दुकानांत आली. तोवर मुलांचं लक्ष फुटबॉलकडे वळलं होतं आणि माल पडून राहिला. शेवटी १९६० साली कंपनीने उरलेली खोकी न्यू जर्सीच्या किनाऱ्यापलीकडे अटलांटिकमध्ये नेऊन बुडवली. त्या मँटल कार्डाची एक जवळजवळ निर्दोष प्रत ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेली.

दुसरं टोक म्हणजे १९०९ ते १९११ दरम्यान सिगारेटच्या पाकिटांतून आलेलं होनस वॅग्नरचं टी-२०६ नावाच्या संचातलं कार्ड. त्याच्या साठेक प्रतीच माहीत आहेत, त्यामुळे फाटक्या अवस्थेतलंही लाखो डॉलरला जातं.

३. कार्डावर वर्ष छापलेलंच नाही. ओळखायचं कसं?

मागच्या बाजूची आकडेवारी पाहा. शेवटची ओळ ज्या हंगामाची, त्याच्या पुढचं वर्ष हे कार्डाचं वर्ष. शेवटची ओळ १९७४ ची असेल तर कार्ड १९७५ चं. तळाशी बारीक अक्षरांत कॉपीराइटचं वर्ष असलं तर ते ताडून घ्या.

अपवाद तीन. १९५२ च्या टॉप्सवर मागे ‘गेलं वर्ष’ आणि ‘एकूण कारकीर्द’ एवढ्याच दोन ओळी आहेत, साल नाही. तिथे आकार पाहावा लागतो (प्रश्न ६). क्रमांकापुढे टी असेल, जसं कॅल रिपकेनचं ९८-टी, तर ते हंगामाच्या शेवटी निघालेल्या ट्रेडेड संचातलं असतं, नेहमीच्या पाकिटातलं नव्हे. आणि पुनर्मुद्रणावर जुनीच आकडेवारी असते (प्रश्न ९).

४. गराज सेलमध्ये १९८७ ते १९९२ ची तीन हजार कार्डं २० डॉलरला मिळाली. लॉटरी लागली का?

बहुधा नाही. साधारण १९८६ ते १९९३ हा काळ इथे ‘जंक वॅक्स’ (मेणकागदी पाकिटांतला रद्दी माल) म्हणून ओळखला जातो. जुन्या कार्डांचे भाव वाढलेले पाहून लोकांनी गुंतवणूक म्हणून खोकीच्या खोकी घेतली. कंपन्यांनीही छापायचा सपाटा लावला, आणि जपून ठेवणाऱ्यांनी सगळं नव्यासारखं जपून ठेवलं. त्यामुळे टंचाई कधी झालीच नाही. १९८७ च्या टॉप्सची ती लाकडी किनारीची कार्डं तुम्हाला इतक्या वेळा दिसतील की शेवटी बघवणार नाहीत.

अपर डेक कंपनीचं १९८९ चं केन ग्रिफी ज्युनियर, संचातलं पहिलं कार्ड, या काळाचा मानबिंदू. पण त्याच्या एवढ्या प्रती ग्रेडिंगला (कार्ड तपासून अवस्थेनुसार १ ते १० गुण देणाऱ्या कंपन्यांकडे) गेल्या आहेत की चांगला पैसा फक्त १० ग्रेडलाच मिळतो.

वीस डॉलर वाया गेले असंही नाही. हाताळायला, वर्ष ओळखायला आणि मुलांना खेळायला यापेक्षा स्वस्त शाळा नाही.

५. मग त्या काळातलं काहीच पाहायचं नाही का?

पाहायचं, पण नेमकं. १९९० च्या टॉप्समध्ये फ्रँक थॉमस (क्र. ४१४) पाहा: काही प्रतींवर काळी शाई न उतरल्याने समोर त्याचं नावच नाही. नाव असलेली प्रत मातीमोल, नसलेली हजारोंची. फ्लीअर कंपनीच्या १९८९ च्या संचात बिली रिपकेन (क्र. ६१६) याच्या बॅटच्या बुडावर एक शिवी लिहिलेली छापून गेली. कंपनीने घाईघाईने ती वेगवेगळ्या तऱ्हांनी झाकली, आणि त्यांतली पांढऱ्या रंगाने झाकलेली आवृत्ती सर्वांत दुर्मीळ.

१९९१ च्या टॉप्सवर सोनेरी ढालीचा ठसा दिसला तर ती आखाती युद्धाच्या वेळी सैनिकांसाठी पाठवलेली डेझर्ट शील्ड आवृत्ती असू शकते. मात्र साध्या कार्डावर ठसा मारून केलेल्या नकला उदंड आहेत, तेव्हा ग्रेड न केलेलं घेऊ नका. १९९२ च्या बोमनमधला मारियानो रिवेरा (क्र. ३०२) आणि १९९३ च्या एसपी संचातला डेरेक जीटर (क्र. २७९) हे दोघे खोक्यात सापडले तर दिवस सार्थकी लागला. जीटरचं कार्ड चमकत्या फॉइलचं असल्याने त्याच्या कडा पाकिटातच सोलवटायच्या. निर्दोष प्रत म्हणूनच महाग.

आणखी एक, जे भलेभले चुकवतात: १९८४ ते १९९१ दरम्यान टॉप्सने टिफनी नावाने मोजके संच काढले. चित्र तेच, क्रमांक तोच. फरक इतकाच की समोरचा भाग तुकतुकीत आणि मागचा कागद पांढराशुभ्र, साध्या कार्डासारखा मळकट करडा नाही. खोकं उलटं करून मागच्या बाजूंकडे पाहिलं की टिफनी लगेच वेगळं दिसतं.

६. गराज सेलमध्ये मोठं खोकं समोर आहे आणि मागे लोक उभे आहेत. चाळायचं कसं?

वाचत बसू नका. आधी आकार बघा. १९५७ पासूनची टॉप्स कार्डं अडीच बाय साडेतीन इंच. १९५२ ते १९५६ ची त्याहून थोडी मोठी, २ ५/८ बाय ३ ३/४ इंच, म्हणून गठ्ठ्यात ती वर डोकावतात. १९५१ ची बोमन लहान, २ १/१६ बाय ३ १/८ इंच. सिगारेटची टी-२०६ तर जेमतेम १ ७/१६ बाय २ ५/८ इंच. वेगळ्या आकाराचं काहीही दिसलं की बाजूला काढा.

मग गठ्ठ्याच्या सुरुवातीचं, मधलं आणि शेवटचं अशी तीन कार्डं काढून वर्ष पाहा. तिन्ही १९८६ नंतरची असली तर पूर्ण खोक्याचा मिळून एक भाव विचारा आणि तो जास्त वाटला तर निघा. १९८० च्या आधीचं काही असेल तर मात्र प्रत्येक कार्ड पाहा, विशेषतः एकाच कार्डावर दोन-तीन चेहरे असलेली. नवखे ती टाकून देतात, पण रायनचं १९६८ चं कार्ड जेरी कूसमनबरोबर आहे, माइक श्मिटचं १९७३ चं (क्र. ६१५) तिघांत, आणि रोझच्या १९६३ च्या कार्डावर चार छोटी मुंडकी आहेत.

१९७३ पर्यंत टॉप्स आपला संच टप्प्याटप्प्याने बाजारात आणायची. शेवटच्या टप्प्यातले मोठे क्रमांक बऱ्याच वर्षांत कमी विकले गेले, म्हणून त्यांतली अनोळखी नावंही ठेवून द्या.

७. शोधायला जायचं कुठे?

एस्टेट सेल सर्वांत फलदायी, कारण तिथे एका माणसाचं अख्खं आयुष्य विक्रीला असतं. जाहिरातीतल्या फोटोंत मागच्या कपाटावर बुटांची खोकी किंवा तीन कड्यांच्या फायली दिसतात का ते बघा; विकणाऱ्याने कार्डांचा उल्लेखही केलेला नसतो. १९५० ते १९७० च्या दशकांत मुलं वाढली अशी जुनी उपनगरं नव्या वसाहतींपेक्षा बरी. गराज सेलला उजाडताच पोहोचा.

फ्ली मार्केटमध्ये दुपारी उशिरा भाव उतरतात, पण चांगला माल सकाळीच गेलेला असतो. कार्ड शोमध्ये एक-एक डॉलरच्या खोक्यांत वेळ घालवा. उन्हाळ्यातलं नॅशनल, म्हणजे संग्राहकांचं राष्ट्रीय अधिवेशन, एकदा पाहावंच, मात्र तिथे सगळ्यांनाच भाव माहीत असतो. गुडविलसारख्या दुकानांत आता फारसं उरलेलं नसतं.

८. विकणारा पुस्तकातला भाव दाखवतो. तो धरायचा का?

नाही. छापील भाव म्हणजे इच्छा. ईबेवर शोध घेऊन ‘विकले गेलेले’ हा पर्याय निवडा आणि त्याच कार्डाच्या, त्याच ग्रेडच्या शेवटच्या चार-पाच विक्री पाहा. मागितलेली किंमत पाहू नका. दहा हजार डॉलर मागणारं पन्नास सेंटचं कार्ड तिथे कायम असतं. घासाघीस होऊन ठरलेल्या विक्रीत मूळ आकडा खोडलेला दिसतो, प्रत्यक्ष रक्कम त्याहून कमी असते.

ग्रेड न केलेल्या कार्डाला पीएसए या ग्रेडिंग कंपनीच्या १० ग्रेडचा भाव लावणं ही नवख्याची नेहमीची चूक. खेळत असलेल्या खेळाडूंचे भाव हंगामात चढतात आणि नोव्हेंबर-डिसेंबरात उतरतात, तेव्हा खरेदी थंडीत करा.

९. असली की नकली, घरच्या घरी कसं तपासू?

तीन साधनं पुरतात: मिलिमीटरची पट्टी, सोनार वापरतात तसं दहापट भिंग आणि अतिनील टॉर्च.

पट्टीने आकार मोजा. टॉप्सनेच १९८३ मध्ये १९५२ च्या संचाचं पुनर्मुद्रण केलं, ते अडीच बाय साडेतीन इंच आहे, मूळ मोठं. पोटमाळ्यावर सापडलेली कित्येक मँटल इथेच गळतात.

भिंगाखाली आधी नावाची काळी अक्षरं आणि किनारीच्या रेघा पाहा. जुन्या ऑफसेट छपाईत चित्र ठिपक्यांचं, पण काळं अक्षर सलग, एकसंध शाईचं. मूळ कार्डाचा फोटो काढून छापलेल्या नकलेत अक्षरंसुद्धा रंगीत ठिपक्यांची बनलेली दिसतात आणि त्यांच्या कडा फुटलेल्या असतात.

टॉर्च अंधारात मारा. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या कागदात उजळपणासाठी घालायची रसायनं नसत. टी-२०६ किंवा गाउडी कंपनीचं १९३३ चं कार्ड निळसर चमकलं तर कागद नवा आहे. उलट बाजूने हा पुरावा चालत नाही: चमकलं नाही म्हणून असली ठरत नाही.

चहाच्या पाण्यात बुडवून जुनाट केलेला तपकिरी रंग सगळीकडे सारखा असतो. खरी झीज कोपऱ्यांवर आणि कडांवर जास्त असते.

१०. कार्ड असली आहे, पण कडा कापलेल्या असतील तर?

कोपरे धारदार दिसावेत म्हणून कडा तासणं ही या बाजारातली जुनी लबाडी. त्याच संचातली चार-पाच स्वस्त कार्डं घ्या, संशयित कार्ड मध्ये ठेवून गठ्ठा टेबलावर ठोका आणि चारी बाजूंनी बोट फिरवा. आत गेलेली कड जाणवते. मग कडेचा रंग पाहा: साठ वर्षांच्या कार्डाची एकच कड ताजी पांढरी असेल तर सोडून द्या. १९५० च्या दशकात कारखान्यातली कापणीही वेडीवाकडी असे, त्यामुळे नुसत्या अर्ध्या मिलिमीटरवरून निकाल देऊ नका.

पीएसएने १९९१ मध्ये सुरुवातीलाच ग्रेड केलेलं प्रसिद्ध वॅग्नर कार्ड कापलेलं होतं, अशी कबुली लिलावदार बिल मास्ट्रो यांनी २०१३ मध्ये दिली. स्लॅबमध्ये, म्हणजे ग्रेडिंग कंपनीच्या सीलबंद प्लास्टिक डबीत, आहे म्हणून शंका संपत नाही. स्लॅबवरचा प्रमाणपत्र क्रमांक कंपनीच्या साइटवर टाकून तिथला फोटो हातातल्या कार्डाशी जुळवाच, कारण आता स्लॅबच्याही नकला निघतात.

११. ग्रेडिंगला कधी पाठवावं?

आधी हिशेब. पीएसएची सर्वांत स्वस्त सेवाही टपाल आणि विमा धरून प्रति कार्ड २० डॉलरच्या पुढे जाते. समजा कार्ड तसंच ३० ला जातं, ९ ग्रेडला ४५ ला आणि १० ला १५० ला. नऊ आलं तर तुम्ही तोट्यात. म्हणून नव्या कार्डांत ‘१० ची खात्री नसेल तर पाठवू नका’ हाच नियम. जुन्या महागड्या कार्डांत मात्र ३ ग्रेडही कामाची, कारण तिथे असलीपणाची खात्री विकली जाते.

पाठवण्याआधी सेंटरिंग, म्हणजे समोरासमोरच्या किनारी किती सारख्या आहेत ते, मोजा. डावी किनार २ मिमी आणि उजवी ३ मिमी म्हणजे ४०/६०. पीएसए १० साठी समोरून साधारण ५५/४५ च्या आत लागतं. मग दिव्याखाली कार्ड तिरकं धरून पृष्ठभाग पाहा. सुरकुती सरळ पाहिल्यावर दिसत नाही, तिरक्या उजेडात दिसते, आणि एक बारीक सुरकुती ९ चं ५ करते. इतर ग्रेडिंग कंपन्यांत एसजीसी जुन्या कार्डांसाठी लोकप्रिय, बेकेट कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि सेंटरिंगला वेगळे गुण देते. पुनर्विक्रीत बहुधा पीएसए पुढे.

१२. डाग काढू का? अल्बममध्ये चिकटलेली सोडवू का?

खोडरबर, ओला कपडा, इस्त्री यांतलं काहीही नको. रंग भरणं किंवा सुरकुती दाबणं म्हणजे फेरफार, आणि तो उघड न करता विकणं ही फसवणूक. चकचकीत क्रोम कार्डावरची धूळ कोरड्या मायक्रोफायबरने अलगद टिपायला हरकत नाही.

चिकटलेली कार्डं ओढू नका, मागचा थर अल्बमलाच राहतो. महायुद्धाआधीची, चकाकी नसलेली कार्डं पाण्यात भिजवून सोडवण्याची रीत जाणत्यांमध्ये आहे, पण पहिला प्रयोग महागड्या कार्डावर करू नये. पान कापून तसंच्या तसं जाणकार विक्रेत्याला दाखवा.

१३. ठेवायची कशी? आणि पुण्या-मुंबईला नेली तर?

आधी पेनी स्लीव्ह, म्हणजे पातळ प्लास्टिकची पिशवी, मग टॉपलोडर, म्हणजे वरून उघडं कडक प्लास्टिकचं पाकीट. स्लीव्हशिवाय टॉपलोडरमध्ये घातलं तर कडक प्लास्टिक पृष्ठभाग ओरबाडतं. साध्या कार्डाला ३५ पॉइंटचा (पॉइंट हे जाडीचं माप) टॉपलोडर, जर्सीचा तुकडा असलेल्या जाड कार्डाला १३० किंवा जास्त. फायलीत पीव्हीसीची पानं नकोत, कालांतराने ती चिकट होतात. गोल कड्यांऐवजी डी आकाराची कडी घ्या, नाहीतर पहिल्या पानाला अर्धवर्तुळाकार वळ उठतो. रबरबँड कधीच नाही.

क्रोम कार्डाला समोर आणि मागे वेगळे थर असतात, ते ओलावा वेगवेगळा शोषतात आणि कार्ड धनुकलीसारखं वाकतं. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात हे हमखास होतं. हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा, काटा ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास राहू द्या. तळघर आणि पोटमाळा तर अमेरिकेतही वाईटच.

१४. दुकानातली नवी पाकिटं फोडून नशीब काढता येईल का?

मजेसाठी फोडा. कोणतं कार्ड किती पाकिटांमागे एक निघतं ते कंपनी जाहीर करते. ते वाचलं की हिशेब कळतो. सुट्टी पाकिटं टाळा, कारण जाड कार्ड असलेलं पाकीट वजनावरून किंवा चाचपून आधीच उचललेलं असतं.

फोडलेल्या पाकिटांत मात्र दोन गोष्टी तपासा. बोमन क्रोममध्ये ठसा मारलेले क्रमांक, जसं १७/५०, म्हणजे पन्नास प्रतींतली सतरावी. रंगानुसार प्रती ठरलेल्या: सोनेरी ५०, नारिंगी २५, लाल ५, आणि सुपरफ्रॅक्टर फक्त एक. दुसरं, टॉप्सच्या मागच्या तळाशी असलेला बारीक कोड. त्याचे शेवटचे आकडे बाकीच्या कार्डांहून वेगळे असले तर तो दुर्मीळ फोटो-बदल (त्याच क्रमांकाचं पण वेगळा फोटो असलेलं कार्ड) असू शकतो, आणि समोरून तो सहज लक्षात येत नाही.

जुन्या बंद पाकिटांचा प्रश्न वेगळा. मेणकागद गरम करून पुन्हा चिकटवता येतो, त्यामुळे प्रमाणित केलेलं नसेल तर १९८६ चं पाकीटही संशयितच.

१५. विकणाऱ्याला किंमत माहीत नाही, मला आहे. सांगायला हवं का?

ज्याने स्वतः भाव लावला आहे त्याला तो देऊन घेणं यात सहसा कुणी चूक काढत नाही. पण ‘याचं काही येत नाही हो’ असं खोटं सांगून घेणं वेगळं, आणि नवऱ्याच्या वस्तू विकणाऱ्या म्हाताऱ्या बाईंना गप्प राहून फसवणं त्याहून वेगळं. आमचं मत: तुम्हाला विचारलं तर खरं सांगा.

इलिनॉयमध्ये १९९० साली एका बारा वर्षांच्या मुलाला दुकानातल्या नवख्या नोकराने १२०० डॉलरचं रायनचं रूकी १२ डॉलरला दिलं. प्रकरण न्यायालयात गेलं आणि शेवटी कार्ड लिलावात काढून पैसे धर्मादायाला द्यायचं ठरलं.

१६. विकलेलं कार्ड पाठवायचं कसं, आणि कर?

स्लीव्ह, टॉपलोडर, मग टॉपलोडरच्या तोंडावर रंगकामाची निळी टेप. साध्या चिकटपट्टीचा गोंद राहतो आणि घेणारा ती सोडवताना कार्ड खरवडतो. टेपचं एक टोक दुमडून कान ठेवा. वरून टीम बॅग (चिकटणाऱ्या तोंडाची प्लास्टिक पिशवी), दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, मग बुडबुड्यांचं पाकीट. कार्ड आत हलत असेल तर पुठ्ठ्यांना टेप मारा, टॉपलोडरला नाही. महागड्या कार्डाला ट्रॅकिंग, विमा आणि सही घेऊनच द्यायची अट ठेवा.

अमेरिकेत एक वर्षाहून जास्त जवळ ठेवलेल्या संग्राह्य वस्तूंच्या नफ्यावर केंद्रीय कर २८ टक्क्यांपर्यंत लागू शकतो, शेअरपेक्षा जास्त. म्हणून गराज सेलच्या खरेदीचीही तारीख, रक्कम आणि खोक्याचा फोटो त्याच दिवशी नोंदवा; तिथे पावती कुणी देत नाही आणि नोंद नसेल तर खरेदीची किंमत सिद्ध करणं अवघड जातं.